पाकिटातला ग्रह

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा परक्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधणे, राहणार तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे दार. आठ दिवसांनी, सोमवारी, माझ्या हृदयाची एक झडप काढून तिथे दुसरी बसवायची आहे. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, शंभरातले सत्याण्णव उठून घरी जातात." माझा सगळा जन्म ताऱ्याच्या उजेडातला दहा हजारांत एक एवढा फरक शोधण्यात गेला. शंभरातले तीन मला फार मोठे दिसतात.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी माझे शोधनिबंध वाचलेले नाहीत. मी हे राजीखुशीने लिहितो आहे, कोणाचे दडपण नाही, नशापाणी केलेले नाही. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता आणि रिकाम्या जागा भरा म्हणाल्या होत्या. त्या मला पुरल्या नाहीत, म्हणून हे स्वतंत्र कागद.

ज्यांना घाई असेल त्यांनी थेट कलम ९ वाचावे. घर, पुस्तके, खुर्ची या गोष्टी मृत्युपत्रात असाव्या लागतात म्हणून आहेत. खरी गोष्ट एवढीच की नऊ वर्षे मी एक पाकीट दडवून ठेवले आहे, आणि ते वेळेवर न उघडल्यापायी माझे नाव झाले व एका बाईची नोकरी गेली. ते तिला मिळावे एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी सव्विसाव्या वर्षी वेधशाळेच्या डोंगरावर, जीपचे ब्रेक निकामी झाल्यावर, एका बिलाच्या पाठीवर लिहिले होते. त्यात मी आईला एक घड्याळ आणि दोन स्वेटर ठेवले होते. आई गेली, घड्याळ बंद पडले, स्वेटर धाकट्या भावाने आधीच नेले होते.

कलम २. राहते घर, म्हणजे अडीच खोल्या, सर्व हक्कांसह माझ्या पत्नीस. अर्धी खोली ती, जिला मी अभ्यासिका म्हणतो आणि ती कपडे वाळत घालायची जागा म्हणते. मालकी तिची झाल्यावर तिचेच म्हणणे कायदेशीर ठरेल. न्हाणीघराच्या छतातली गळतीही तिलाच. ही गळती वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरसाहेबांच्या घरातून येते. कंपाउंडरसाहेबांचे मत असे की पाणी आमच्याकडून वर चढते. मी भौतिकशास्त्र शिकलेला असल्याने या वादात माझे मत पक्षपाती धरले जाते.

कलम ३. गावचे घर व त्यामागची जागा धाकट्या भावास. ती त्याने चौदा वर्षांपूर्वीच घेतली आहे. तरी मी ती आज रीतसर देतो, म्हणजे न विचारता घेतल्याचे पाप त्याच्या माथी राहणार नाही आणि त्याला दरवर्षी मला फोन करून "दादा, घराकडे बघायला हवं रे कुणीतरी" असे म्हणावे लागणार नाही.

कलम ४. बँकेतली शिल्लक पत्नी व मुलगी यांनी सारखी वाटून घ्यावी. ती एवढी नाही की वाटताना भांडण व्हावे. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. तिच्या शाळेच्या पुस्तकात माझ्या ग्रहाचा धडा होता, आणि परीक्षेत प्रश्न आला होता की हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती किती दिवसांत फिरतो. तिने 'अकरा दिवस चार तास' असे लिहिले. बरोबर उत्तराचे दोन गुण मिळाले. ते गुण शाळेने परत मागू नयेत, पोरीचा काही दोष नाही.

कलम ५. माझी पहिली दुर्बीण, म्हणजे हाताने घासलेला आरसा आणि पत्र्याची नळी, गावच्या शाळेस. आरसा मी आणि गुरुजींनी शाळेच्या मागच्या पडवीत अकरा महिने घासला. अट एकच, ती काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावू नये. मुलांनी हाताळली की नळीला पोचे पडतील. पडू द्यावेत.

गुरुजींबद्दल दोन शब्द लिहितो. त्यांनी मला आकाश शिकवले नाही, त्यांना ते येत नव्हते. त्यांनी मोजायला शिकवले. वर्गातल्या बाकांपासून झाडावरच्या पक्ष्यांपर्यंत काहीही मोजायला लावत आणि म्हणत, "तीनदा मोज. तिन्ही वेळा सारखं आलं, तर चौथ्यांदा मोज. सारखं यावं असं तुला वाटायला लागलंय." पुढे मी तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकलो. याच्यापेक्षा शहाणपणाचे कोणी काही सांगितले नाही, आणि मी ऐकले नाही ते हेच.

कलम ६. पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. माझ्या नावावर दोनशे चौदा शोधनिबंध आहेत. त्यांतले मी लिहिलेले अकरा, वाचलेले साधारण तीस. उरलेल्यांत माझे नाव आहे कारण त्या दिवशी मी बैठकीला हजर होतो. त्यांचे छापील गठ्ठे रद्दीवाल्यास द्यावेत. तो माणूस वजनात काटकसर करतो, तेवढे पाहावे.

कलम ७. सुवर्णपदक, जे सोन्याचे नाही, चौकटीतले मानपत्र, आणि संस्थेतली माझी चाकांची खुर्ची, या तिन्ही वस्तू संचालकसाहेबांस. पदक व मानपत्र मिळण्यात त्यांचा वाटा माझ्याहून मोठा होता. खुर्चीचे एक चाक डावीकडे ओढते. बसणाऱ्याला वाटते आपण सरळ जातो आहोत. त्यांना फरक जाणवणार नाही.

संस्थेच्या दर्शनी भिंतीवर माझ्या ग्रहाचे सहा फुटी चित्र आहे, निळेशार, वर पांढरे ढग. ते माझे नाही, चित्रकाराचे आहे. मी त्याला फक्त सांगितले होते की ग्रह कदाचित मोठा असेल. निळा रंग त्याला आवडतो म्हणून, ढग जागा रिकामी दिसत होती म्हणून. चित्राचे काय करायचे ते कलम ९ वाचल्यावर संस्थेने ठरवावे. भिंतीला ओल आहे, तेव्हा काढताना जपून.

कलम ८. मी गेलो तर शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर संचालकांनी बोलू नये. बोललेच, तर त्यांनी "ताऱ्यांत विलीन झाला" असे म्हणू नये. घरी कोणाला प्रार्थना करायची असेल तर हळू आवाजात करावी. देवाशी माझे बोलणे फार नसे. सकाळी दहा मिनिटे मी त्याच्या कोनाड्यासमोर बसतो. मी काही मागत नाही, तो काही विचारत नाही. गेली नऊ वर्षे त्याचे हे न विचारणे मला जड जाते आहे.

कलम ९. आता पाकीट.

आधी आमचा धंदा कसा चालतो ते सांगतो. दूरच्या ताऱ्याचा ग्रह आम्हाला दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, दूरच्या दिव्यासमोरून चिलट गेल्यासारखा. ठरावीक दिवसांनी पुन्हा तेवढाच कमी झाला की आम्ही म्हणतो, ग्रह आहे. हजारो ताऱ्यांचा उजेड महिनोन्महिने मोजायचा आणि त्या आकड्यांत ही बारीकशी खोच शोधायची. हे काम दिवसा, कॉम्प्युटरसमोर, बिस्किटे खात खात चालते. नातेवाइकांना वाटते मी दुर्बिणीला डोळा लावून बसतो. त्यांचा तो समज मी कधी मोडला नाही.

आता, माणसाला जे शोधायचे असते ते त्याला दिसू लागते. म्हणून आमच्या गटात एक रीत होती. आकडे आमच्या हाती येण्याआधी, ते सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ त्यांत दरवर्षी दोन खोटे ग्रह मिसळून ठेवत. कोणत्या ताऱ्यांत, ते एका चिठ्ठीवर लिहून पाकीट लाखेने बंद करत. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. आम्ही त्यांना कुलूपकाका म्हणायचो. वर्षअखेरीस आमची यादी तयार झाली की सगळे चहाच्या खोलीत जमत, काका कात्रीने पाकीट उघडत, दोन तारे वाचून दाखवत. ते दोन यादीतून काढायचे. राहतील ते खरे. खोटे ग्रह आम्हाला सापडले तर काका खूश होत, कारण आमची नजर चांगली. सापडले नाहीत तरी खूश होत, कारण त्यांची कारागिरी चांगली.

बारा वर्षांपूर्वी मला एका फिकट ताऱ्याच्या उजेडात फार सुंदर खोच सापडली. अकरा दिवस चार तासांनी एकदा. अगदी नेमकी. तेव्हा काका दवाखान्यात होते. त्याच आठवड्यात बातमी आली की दुसऱ्या देशातला एक गट असलाच काहीतरी शोध जाहीर करणार आहे. संचालकांनी बैठक बोलावली.

"पाकीट?" आमच्यातली एक बाई म्हणाली. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कंत्राटावर होती, आणि दर बैठकीत एक तरी शंका काढी. संचालक तिला शंकाबाई म्हणत, मग सगळेच म्हणू लागले.

"काका आजारी आहेत हो," संचालक म्हणाले. "यंदा कुठलं मिसळणार ते? हातात पेला धरवत नव्हता त्यांना."

"पेला धरवत नसेल. पण आकडे टाईप करायला पेला लागत नाही. आधी पाकीट आणा, मग ग्रह जाहीर करा."

"किल्ल्या काकांजवळ, काका शुद्धीवर नाहीत. त्यांच्या उशीखाली हात घालू का आता?"

"थांबू या. चार दिवसांनी काय ग्रह पळून जाणार आहे?"

"ग्रह नाही पळणार बाई, पण तो दुसरा गट पळतोय ना!"

त्यावर ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "खोच फार स्वच्छ आहे. खरे ग्रह इतके नीटनेटके नसतात. तुम्हाला नाही वाटत?"

मला वाटत होते. मी तीनदा मोजले होते आणि तिन्ही वेळा सारखे आले होते. चौथ्यांदा मोजायला मी धजलो नव्हतो. मी काय म्हणालो ते शब्दशः लिहितो, कारण हा भाग मला सौम्य करायचा नाही. मी म्हणालो, "तुम्हाला एकही ग्रह सापडला नाही, म्हणून कुणालाच सापडू नये असं थोडंच आहे?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिने वही मिटली.

ग्रह जाहीर झाला. काका दुसऱ्या दिवशी गेले. त्यांना बातमी कळली की नाही माहीत नाही. त्यांच्या कपाटात पाकीट दिसले नाही, म्हणजे यंदा काही मिसळलेच नव्हते असे ठरले. वर्षअखेरीस तिच्या कामाचा अहवाल मला लिहायचा होता. मी एकच ओळ लिहिली, 'संघभावनेचा अभाव.' कंत्राट संपले, ती गेली, मला गटप्रमुख केले. नव्या गटप्रमुखाने काकांची पाकिटाची रीत बंद केली. कारण दिले, वेळ फार जातो.

तीन वर्षांनी काकांचे लोखंडी कपाट भंगारात काढायचे होते. दुपारचे तीन वाजले होते, संस्थेचा फिटर चहाला गेला होता. खालचा खण ओढला तर त्याच्या पाठीमागे पडलेले पाकीट निघाले, लाख तशीच. सोबत मूळ आकड्यांची टेप, काहीही मिसळण्याआधीची. मी पाकीट उघडले. काकांचे अक्षर शेवटी शेवटी थरथरत होते, पण वाचता येत होते. दोन तारे. पहिला आम्हाला सापडलाच नव्हता. दुसरा माझा. पुढे लिहिले होते, 'अकरा दिवस, चार तास. हा त्यांना सापडेलसे वाटते. पोरगा हुशार आहे.'

पोरगा मी. टेप चालवून पाहिली. ताऱ्याचा उजेड सपाट रेषेत आला. इतकी सरळ रेषा मी आयुष्यात पाहिली नाही.

मी टेप आणि पाकीट पिशवीत घातले, घरी आणले, आणि देवाच्या कोनाड्याखालच्या खणात ठेवले. तिथे कोणी काही शोधत नाही.

तुम्ही विचाराल, जगातल्या इतर शास्त्रज्ञांना कसे कळले नाही? तेही ऐका. तारा फिकट, दुर्बिणी थोड्या, वेळ महाग. एका गटाने पाहिले आणि लिहिले की ग्रहाच्या 'खुणा आढळतात'. दुसऱ्याने लिहिले की आमचे आकडे शोधाशी 'विसंगत नाहीत'. तिसऱ्याला त्या ग्रहावर ढग सापडले. चौथ्याला काहीच दिसले नाही, तेव्हा त्यांनी हवा खराब असल्याचे लिहिले. ढगांवर आजवर सात जणांना डॉक्टरेट मिळाली आहे. त्यांतल्या दोघांच्या तोंडी परीक्षेला मी परीक्षक होतो. मी दोघांनाही पास केले. त्यांचे काम चांगले होते, फक्त ग्रह नव्हता.

~~तरी मी असे लिहून ठेवतो की, सदर पाकीट व टेप माझ्या पश्चात, माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत, सदर बाईंना सुपूर्द करावी. त्या सध्या वजनमाप खात्यात निरीक्षक आहेत. त्यांना हवे ते जाहीर करण्याचा पूर्ण अधिकार राहील.~~

(वरचा परिच्छेद मी स्वतः खोडला आहे. समासात सही केली आहे. कारण पुढे.)

पुरवणी. कलम ९ पर्यंतचे रविवारी लिहून झाले. मंगळवारी पत्नीने ते जेवणाच्या टेबलावर वाचले. वाचताना तिने गळतीपाशी मान डोलावली, भावापाशी "हं" केले, आणि कलम ९ ला चष्मा काढून पुन्हा लावला.

"त्या खणातली काडेपेटी मी रोज काढते," ती म्हणाली. "मला वाटलं विम्याचे कागद असतील."

मी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"नऊ वर्षं. बरं. आणि आता त्या बाईला हे कधी मिळणार?"

"लिहिलंय ना. माझ्यामागे."

"म्हणजे तुम्ही गेलात तर तिला न्याय. आणि राहिलात तर?"

"राहिलो तर..."

"नाही, मला आधी नीट समजू द्या. सोमवारी तुम्हाला आत नेतील आणि मी बाहेर बाकावर बसेन. देवाजवळ मी मागायचं काय? तुम्ही सुखरूप बाहेर यावं म्हणू, तर त्या बाईचं वाटोळं मागितल्यासारखं होतं. तिचं भलं मागू, तर... तुम्हीच सांगा अहो. शिकलेले आहात."

"तू माझ्यासाठी माग."

"मी मागेनच हो! मला लाज नाही वाटत. तुम्हाला वाटते का ते बघा." एवढे बोलून ती ताट उचलून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज एरवीपेक्षा मोठा येत होता.

मी हिशेब मांडून पाहिला, ती सवयच आहे. सर्जनच्या आकड्यांनुसार शंकाबाईंना पाकीट मिळण्याची शक्यता शंभरात तीन. शंभरात सत्याण्णव वेळा मी बरा होऊन घरी येणार, पाकीट खणात, आणि मी पुन्हा सकाळी दहा मिनिटे त्याच्यासमोर बसणार. मी प्रामाणिकपणाची अशी व्यवस्था केली होती की तो करावा लागण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. आणि करावा लागलाच, तर मी घरी नसणार.

बुधवारी वकीलबाईंना फोन करून विचारले, साक्षीदार कोण चालतो. त्या म्हणाल्या, "कोणीही सज्ञान माणूस. फक्त ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याची साक्ष घेऊ नका. सही केली की त्याच्या नावे ठेवलेलं बाद होतं."

"बाद म्हणजे, त्याला मिळतच नाही?"

"मृत्युपत्रातून नाही मिळत. द्यायचंच असेल तर जिवंतपणी हातात द्या. तुम्हाला कोणी अडवलंय?"

वकीलबाईंनी फी घेतली नाही. एवढ्याशा उत्तराची काय घ्यायची, म्हणाल्या.

आज गुरुवार. सकाळी कंपाउंडरसाहेबांना विचारले, साक्षीला येता का. ते म्हणाले, "येतो की. पण गळतीचं काही लिहिलं नाही ना?" मी म्हणालो, वाचून सही करा. बसमध्ये त्यांनी वाचले. कलम २ ला ते म्हणाले, "प्रोफेसर, मेल्यावरसुद्धा?" कलम ९ वाचून त्यांनी कागदांची नीट घडी केली आणि माझ्या हाती दिली. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं औषधं बांधली. दोनदा चुकीची बाटली दिली. एकदा धावत जाऊन परत आणली."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मी धावलो नाही," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

वजनमाप कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. तपासणीच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर जप्त केलेली वजने, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कुठल्याच्या पोटात भोक पाडून शिसे काढलेले, कुठल्याच्या बुडाला मेण. मधल्या टेबलावर पितळी तराजू, आणि त्याच्यामागे त्या. केस पांढरे झाले आहेत. मान वर न करता म्हणाल्या, "तक्रार असेल तर खिडकी नंबर दोन."

"साक्ष हवी होती," मी म्हणालो. "मृत्युपत्रावर."

त्यांनी वर पाहिले. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. चिमट्याने उचललेले वजन त्यांनी परत पेटीत ठेवले, मगच बोलल्या.

"तुमच्या ओळखीची माणसं संपली का?"

"ज्याची साक्ष घ्यायची त्याच्या नावे काही ठेवता येत नाही. मी तुमच्या नावे एक वस्तू ठेवली होती. तुम्ही सही केलीत तर ती मृत्युपत्रातून बाद होईल."

"मग?"

"मग आत्ताच द्यावी लागेल," असे म्हणून मी पाकीट आणि टेप त्यांच्या तराजूशेजारी ठेवली.

चिठ्ठी त्यांनी एकदा वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली. "काकांचं अक्षर," एवढेच म्हणाल्या. मग विचारले, "कधीपासून आहे?"

"नऊ वर्षं."

"आमच्याकडे खोटं वजन नऊ दिवस वापरलं तरी दुकानाला टाळं लागतं."

"हो."

"हो काय? माझी आई तीन वर्षं मला विचारायची, तू त्या लोकांशी भांडलीस कशाला. शेवटी मीसुद्धा म्हणायला लागले, उगाच भांडले. ग्रह असेल. ढगसुद्धा सापडलेत म्हणे, आपलीच नजर वाईट." त्यांनी चिठ्ठी पाकिटात घातली. कंपाउंडरसाहेब भिंतीवरची वजने मोजत असल्यासारखे करत होते. "'संघभावनेचा अभाव' ही ओळ तुमची होती ना?"

"माझीच."

"वाटलंच मला. संचालकांना इतकं थोडक्यात लिहिता येत नाही."

मला क्षमा मागायची होती. बसमध्ये मी दोन वाक्ये जुळवलीही होती. पहिले काढले तर त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. टेप वाचायचं यंत्र अजून चालू आहे का?"

"फिटरकडे आहे. मी सांगून ठेवलंय."

"पत्र मी लिहिणार. नियतकालिकाला, संस्थेला आणि त्या ढगवाल्यांना. आकडे आधी मी स्वतः तपासणार, तुमचे नकोत मला."

"बरोबर आहे. माझं नाव..."

"घालीन की. आभारात. शेवटून दुसरं."

"शेवटचं कोण?"

"रद्दीवाला," त्या म्हणाल्या. तोवर त्यांचे मृत्युपत्र कलम ६ पर्यंत वाचून झाले होते.

संचालकांना मी तिथूनच, शंकाबाईंसमोर, फोन केला. ते म्हणाले, "अरे, पुढच्या आठवड्यात नव्या दुर्बिणीची मंजुरी आहे. निदान तुझं ऑपरेशन होईपर्यंत तरी थांब." मी विचारले, ऑपरेशन झाल्यावर काय बदलेल? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "काय सांगावं, कदाचित गरजच पडणार नाही." त्यांच्याविषयी मी वर जे लिहिले त्यात काही फेरफार करावा असे वाटले नाही.

तेव्हा कलम ९ चा खोडलेला भाग रद्द. पाकीट व टेप आता माझ्या मिळकतीत नाहीत, त्यावर माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही. बाकी सर्व कलमे कायम. सोमवारी मी आत जाईन. बाहेर आलो, तर संस्थेत माझी खोली नसेल, पुस्तकातला धडा नसेल, आणि ज्यांना मी पास केले ते दोघे मला गाठतील. त्यांना काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही. पत्नीला मात्र मघाशी फोन करून सांगितले की सोमवारी काय मागायचे ते तू मोकळ्या मनाने माग.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि ज्या भागाची लाज वाटते तोही माझाच आहे.

स्थळ: वजनमाप कार्यालय, दुसरा मजला, तपासणीची खोली
दिनांक: बावीस, गुरुवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) निवृत्त कंपाउंडर, चौथा मजला. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) निरीक्षक, वजनमाप खाते. लिहून ठेवणारे माझ्यासमोर शुद्धीवर होते. त्यापलीकडे त्यांच्याविषयी मी काही प्रमाणित करत नाही. मृत्युपत्राद्वारे मला काही मिळालेले नाही. हस्ते मिळाले: पाकीट एक, लाख फोडलेली. टेप एक. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. तपासणी सुरू केली आहे.